फिटच्या गोळ्या : डोस नेमका कुठे निसटतो?

ओटीवरून

नमस्कार मंडळी,

लेकीचा पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, पुढच्या महिन्यात हॉस्टेलवर जाईल. तिला जेएमई आहे, म्हणजे ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, किशोरवयात सुरू होणारा फिटचा आजार. दहावीच्या वर्षी सकाळी दात घासताना हातातला ब्रश उडायचा, चहा हिंदकळायचा. घरात सगळे म्हणायचे, अजून झोप उतरली नाही. मग प्रिलिमच्या जागरणानंतर सकाळी सकाळी मोठी फिट आली, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) झाला आणि त्या उडणाऱ्या हातांचाही उलगडा झाला. लेवेटिरासिटॅम ५०० सकाळ-रात्र चालू आहे. तेव्हापासून फिट नाही, हातही उडत नाहीत.

आजवर गोळ्यांचं खातं माझ्याकडे होतं. सकाळी आठ, रात्री आठ, कालनिर्णयवर फुली. आता ते तिच्याकडे जाणार. काय आणि किती घ्यायचं ते डॉक्टरांनी नीट सांगितलंय. मला विचारायचंय ते त्याच्या आजूबाजूचं. आमच्या वाडीत आणि नात्यात फिटचे पेशंट आहेत. औषध चांगलं लागू पडलेलं असतं, तरी एखाद्या दिवशी फिट येते, आणि खोदून विचारलं की कळतं, मधे दोन दिवस गोळ्याच नव्हत्या. कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाला उलट्या होत होत्या, कुणाचा घाट बंद होता. गोळी कोणती चांगली यावर लोक तासन् तास बोलतात, ती निसटते कुठे यावर कुणी बोलत नाही. तुमच्याकडे काय व्यवस्था आहे ते लिहा. हॉस्टेल काढलेल्यांनी तर नक्कीच लिहा.

जुना_खेळाडू

धागा हवाच होता. शाळेत असल्यापासून गोळ्यांवर आहे, हॉस्टेलही काढलंय.

माझ्या मते विसरण्यापेक्षा मोठा घोळ 'घेतली की नाही' हे न आठवण्याचा. रोज तीच गोळी, तेच भांडं, तीच वेळ. कालचं आठवतं ते आजचं वाटतं. मग माणूस एक तर दुसऱ्यांदा घेतो, नाही तर 'बहुतेक घेतली असणार' म्हणून सोडून देतो. यावर कप्प्यांचा डबा. सात दिवस, सकाळ-रात्र वेगळे कप्पे, रविवारी भरायचा. कप्पा रिकामा म्हणजे घेतली, वादच नाही. मोबाइलच्या अलार्मवर एकट्यावर विसंबू नये. तो वाजतो तेव्हा आपण पीएमटीत लटकलेलो असतो, बोटाने बंद करतो आणि विषय संपतो.

रात्रीची गोळी मेसच्या जेवणाला बांधा. 'झोपताना' असं ठरवलं की हॉस्टेलवर झोपेची वेळ नऊपासून तीनपर्यंत कुठेही असते. आणि रूममेटला सांगायचंच. लपवून गोळी घ्यायची म्हटलं की रूममध्ये पाहुणे आहेत म्हणून आज राहिली, उद्या राहिली, असं सुरू होतं.

एक गोष्ट लेवेटिरासिटॅमची. काहींना त्याने चिडचिड होते, मन उतरतं. मला आधी तेच चालू होतं, तेव्हा घरी भांड्याला भांडं लागलं तरी मी पेटायचो. डॉक्टरांना सांगितल्यावर बदलून दिलं. घरापासून लांब गेलेली पोर चिडचिडी झाली किंवा गप्प गप्प राहायला लागली तर 'हॉस्टेल मानवलं नाही' असं धरून चालू नका, गोळीचाही विचार व्हावा. मनात नको ते विचार यायला लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मात्र गोळी आपल्या आपण बंद नाही.

पेठेतला_फार्मासिस्ट

डब्याबद्दल खेळाडूसाहेबांशी सहमत, पण त्याला एक दुरुस्ती. सोडियम व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या डब्यात सोडू नका. ते मीठ हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात कोकणात तर दोन दिवसांत गोळी चिकट होते, ओली दिसायला लागते. अशी गोळी असेल तर कात्रीने स्ट्रिपचाच तुकडा कापून, फॉइलसकट कप्प्यात ठेवा. लेवेटिरासिटॅमला हा त्रास नाही.

आता काउंटरच्या या बाजूने दिसतं ते सांगतो.

एक, 'सीआर', 'एसआर', 'ईआर', 'क्रोनो' असलं शेपूट नावाला असेल तर ते नावाचाच भाग आहे. ते औषध दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बनवलेलं असतं. घरी रिकामं पाकीट आणतात ते फाटलेलं, शेपटाचा भाग गेलेला, आणि मग साधी गोळी घेऊन जातात. पाकिटापेक्षा चिठ्ठी आणा. आणि असली गोळी कुटून पाण्यात द्यायची नाही. अर्धी करायची असेल तर गोळीवर रेघ आहे का, आणि अर्धी केलेली चालते का, हे विचारून.

दोन, मिळतीजुळती नावं. लॅमोट्रिजिन फिटचं, लॅमिवुडिन एचआयव्हीचं. घाईत, वाईट अक्षरात, फोनवर ऑर्डर सांगताना गोंधळ होऊ शकतो. घरी नेल्यावर मागच्या स्ट्रिपशी ताडून पाहायला अर्धा मिनिट लागतो. पाहा. गोळीचा रंग किंवा आकार बदललेला दिसला तर दुकानात परत या, कोणी रागावत नाही. (मी तरी नाही.)

तीन, शेवटची स्ट्रिप उघडली की पुढचं औषध आणायचं, संपल्यावर नाही. क्लोबाझाम, फिनोबार्बिटोन असल्या गोळ्या गावातला प्रत्येक दुकानदार ठेवत नाही, त्यांची नोंद ठेवावी लागते, चिठ्ठीशिवाय देताच येत नाहीत. रविवार, त्यात दिवाळी, आणि गोळी संपलेली असे लोक येतात तेव्हा मलाच घाम फुटतो.

मैत्रीण_बाय_द_वे

+१. वाचनखूण साठवली.

कंपनी बदलली तर चालतं का हो? जनऔषधीत फार स्वस्त मिळतं म्हणून विचारते. भाऊ दुकानात जे असेल ते घेतो.

मिरज_फिजिशियन

कंपनीचं उत्तर औषधावर ठरतं. इंग्लंडच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये याची सरळ वर्गवारी करून दिली. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन आणि प्रिमिडोन या चौघांच्या बाबतीत रुग्णाला एकाच उत्पादकाचं औषध द्यावं. लेवेटिरासिटॅमला तितकं कडक बंधन नाही. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन मधल्या गटात, रुग्ण पाहून ठरवा. मी रुग्णांना सांगतो की जनऔषधीतून घ्यायचं तर खुशाल घ्या, पण ठरवून, डॉक्टरांना सांगून, आणि मग तेच चालू ठेवा. या महिन्यात हे, पुढच्या महिन्यात ते, असं नको. पैशाअभावी गोळी बंद पडण्यापेक्षा स्वस्त गोळी रोज घेणं केव्हाही बरं.

ओटीवरूनताई, मी न्यूरॉलॉजिस्ट नाही, पण डोस निसटलेला माणूस बहुतेक वेळा आधी आमच्याकडेच येतो. इथलं वाचून कुणी डोस बदलू नये, एवढं गृहीत धरून लिहितो.

गोळी राहिली तर: आठवल्याबरोबर घ्यायची. पुढच्या डोसची वेळ जवळच आली असेल तर राहिलेली सोडून द्यायची आणि पुढची वेळेवर घ्यायची. दोन एकदम नाही. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडून हे तिच्या औषधापुरतं एका ओळीत लिहून घ्या. लेवेटिरासिटॅम शरीरातून लवकर बाहेर पडतं, तरुण माणसात सहा ते आठ तासांत निम्मं उतरतं. म्हणून ते बारा-बारा तासांनी आहे. सकाळची आठची गोळी कॉलेजच्या घाईत दुपारी दोनला गेली, तर 'दोन्ही घेतल्या' हे खरं, पण मधला भाग उघडा पडला.

लॅमोट्रिजिनवाल्यांसाठी वेगळी सूचना. हे औषध आठवड्या-आठवड्याने चढवत नेतात ते अंगावर गंभीर पुरळ उठू नये म्हणून. काही दिवस सलग खंड पडला तर एकदम जुन्या डोसवर उडी मारायची नाही, डॉक्टरांना विचारून पुन्हा खालून चढायचं. सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर लॅमोट्रिजिनची पातळी साधारण दुपटीने वाढते, त्यामुळे तिथे आणखी हळू. कुठलंही फिटचं नवं औषध सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत ताप, पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल असं काही दिसलं तर 'उष्णता झाली' म्हणून सब्जा पीत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एकदम बंद करण्याबद्दल. ताप गेला की तापाची गोळी बंद करतो, तोच हिशोब लोक इथे लावतात. सहा महिने फिट नाही, मग कशाला? अहो, फिट नाही ती गोळीमुळेच. बंद करायची वेळ काही जणांची येते. साधारण दोन वर्षं किंवा जास्त काळ फिटशिवाय गेला की डॉक्टर विचार करतात, आणि तेही महिनोन् महिने उतरवत. जेएमईमध्ये बंद केल्यावर फिट परत येण्याचं प्रमाण मोठं आहे, त्यामुळे तिथे घाई कुणीच करत नाही. झटक्यात बंद केलं तर एकामागून एक फिट, शुद्धच येत नाही अशी अवस्था होऊ शकते, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

शंकेखोर

वर्षानुवर्षं या केमिकलच्या गोळ्या खाऊन मेंदू बाद होतो हे कुणी लिहिणार नाही. आमच्याकडे एक वैद्य पुडी देतात, महिन्याची एकच पुडी, काही साइड इफेक्ट नाही. चुलतभावाला फरक पडलाय. बाकी चालू द्या.

पेठेतला_फार्मासिस्ट

शंकेखोर, फरक पडला असेल, मी नाही म्हणत नाही. प्रश्न आहे तो पुडीत काय आहे हा. लेबल नसलेल्या फिटच्या पुड्या प्रयोगशाळेत तपासल्यावर त्यात फिनोबार्बिटोन आणि फेनिटोइन सापडल्याच्या घटना आपल्याच देशात झाल्यात. म्हणजे ज्याला तुम्ही केमिकल म्हणताय तेच, फक्त किती आहे ते वैद्यांनाही माहीत नाही. एखादी पुडी जड, एखादी हलकी. चुलतभाऊ दिवसभर पेंगतो का ते बघा. आणि त्यांनी आता ती पुडीही झटक्यात बंद करू नये. त्यात खरंच फिनोबार्बिटोन असेल तर एकदम तोडल्याने जोरात फिट येईल. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

शंकेखोर

पेंगतो. विचारून बघतो.

नातवंडांची_आजी

मी फेनिटोइनबद्दल लिहिते, कारण ह्यांना पॅरालिसिसच्या झटक्यानंतर फिट सुरू झाल्या तेव्हा तेच दिलं होतं, रोज तीनशे मिलिग्रॅम. पुढे एकदा फिट आली म्हणून थोडंसंच वाढवलं. पंधरवड्यात चालताना झोकांड्या जायला लागल्या, जीभ जड, वाचताना अक्षरं हलतात म्हणायचे. शेजारी म्हणाले, वय झालं. जावई म्हणाले, पुन्हा झटका आला असेल. सीटी नॉर्मल. शेवटी रक्तातली पातळी तपासली तर भरमसाट वाढलेली. डोस कमी केल्यावर चालणं आपोआप सरळ झालं.

हिरड्याही सुजून दातांवर चढल्या होत्या. दंतवैद्यांनीच आधी विचारलं, फिटची गोळी घेता का?

मिरज_फिजिशियन

आजी, फेनिटोइनचा हा स्वभावच आहे. ते शरीराबाहेर टाकणारी यंत्रणा एका मर्यादेनंतर भरून जाते. त्यापुढे डोस थोडा वाढवला तरी रक्तातली पातळी एकदम उसळी घेते. पातळी १० ते २० मायक्रोग्रॅम दर मिलिलिटरला असावी असं धरतात. त्यापुढे गेलं की डोळे भिरभिरणं, झोकांड्या, बोबडं बोलणं सुरू होतं, आणि ते हुबेहूब दुसऱ्याच आजारासारखं दिसतं. पातळी तपासायची तर सकाळचा डोस घ्यायच्या आधी रक्त द्यायचं, हे लॅबमध्ये कुणी सांगत नाही. औषध १९३८ पासून वापरात आहे, स्वस्त आहे, आणि नीट मोजून दिलं तर आजही चांगलं काम करतं.

वयस्कर माणसांत कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिनने रक्तातलं सोडियम उतरतं. आजोबा एकाएकी बरळायला लागले, सुस्त झाले, तर सोडियम तपासा.

दोन_पिल्लं

लहान मुलांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. फेनिटोइनच्या सिरपचं औषध तळाला बसतं. बाटली न हलवता दिलं की पहिले पंधरा दिवस बाळ नुसतं गोड पाणी पितं आणि तळातले शेवटचे डोस दुप्पट ताकदीचे जातात. म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला फिट आणि शेवटी पेंग. प्रत्येक वेळी खळखळून हलवायचं. आणि घरातला चमचा नाही, सिरिंज. आमच्या घरी तीन आकाराचे 'छोटे चमचे' आहेत आणि सासूबाई, मी, नवरा प्रत्येकाचा आवडता वेगळा.

मूल वाढतं तसा डोस बदलतो हेही लक्षात ठेवा. वर्षभर जुन्या चिठ्ठीवर औषध आणलं तर वजन वाढलेलं असतं आणि डोस तोच.

डोस दिल्यावर ओकलं तर काय, हा प्रश्न माझा आहे. कुणी सांगेल का?

मिरज_फिजिशियन

लगेच ओकलं आणि ओकारीत औषध दिसत असेल तर बहुधा पुन्हा द्यायला सांगतात. तासाभराने ओकलं असेल तर बरंचसं औषध आत गेलेलं असतं. मधल्या वेळेसाठी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना आत्ताच, मूल बरं असताना विचारून ठेवा. उलट्या थांबतच नसतील तर घरी वाट बघू नका, औषध शिरेतून देता येतं.

ओटीवरून

किती छान माहिती येतेय. वाचता वाचता वहीत उतरवतेय.

आता पुढचं. हॉस्टेलवर सर्दी-ताप-जुलाब होणारच. मेसचं जेवण म्हटल्यावर जुलाब आधी. तिथला डॉक्टर काय देईल ते माझ्या हातात नाही. काय टाळायचं? आणि आमच्याकडे संकष्टी, एकादशी, नवरात्र सगळं असतं, तीही हौसेने करते.

मिरज_फिजिशियन

उपास आधी. लेवेटिरासिटॅम रिकाम्या पोटीही घेता येतं, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी असो नाही तर निर्जळी, गोळी आणि तिच्यापुरतं पाणी घ्यायचंच. नऊ दिवस पोटात काही नाही, रात्री गरबा आणि झोप नाही, हे मात्र जेएमईला मुळीच मानवत नाही. जागरण हा तिचा सगळ्यात मोठा शत्रू, आणि सोबत दारू असेल तर विचारूच नका. गणपतीच्या विसर्जनाला जायचं तर संध्याकाळी जाऊन यायचं, पहाटेपर्यंत नाही.

औषधांचं. तापाला पॅरासिटॅमॉल चालतं. जुलाबाला आपल्याकडे सर्रास ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी हातात ठेवतात. ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या जातीची अँटिबायोटिक्स फिटचा उंबरठा खाली आणतात, म्हणजे फिट सहज येऊ शकते. बहुतेक जुलाबांना ओआरएस पुरतं, अँटिबायोटिक लागलंच तर दुसरं देता येतं. दुखण्यावर ट्रामाडोल नको, ते पॅरासिटॅमॉलसोबत एकाच गोळीतही येतं, त्यामुळे नाव वाचा. सर्दीची झोप आणणारी जुनी औषधंही विचारून. तिने कुठल्याही डॉक्टरसमोर बसल्यावर पहिलं वाक्य 'मला एपिलेप्सी आहे, लेवेटिरासिटॅम चालू आहे' हे म्हणायचं. ताप कशाने आला ते नंतर.

आणि कापूर! सर्दीला कापराची पोटली हुंगणं, निलगिरीच्या तेलाची वाफ, छातीला कापराचा बाम चोपडणं. कापूर आणि निलगिरी तेल या दोन्हींनी फिट येऊ शकते, लहान मुलांत तर फारच जपून. साध्या पाण्याची वाफ घ्या.

जुनी औषधं घेणाऱ्यांसाठी आणखी: टीबीच्या उपचारातलं आयसोनियाझिड फेनिटोइन आणि कार्बामाझेपिनची पातळी वाढवतं, रिफाम्पिसिन उलट खाली खेचतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिनने कार्बामाझेपिन वाढतं. व्हॅल्प्रोएट चालू असताना दवाखान्यात मेरोपेनेम हे अँटिबायोटिक लावलं तर व्हॅल्प्रोएटची पातळी दिवसाभरात कोसळते. ऍडमिट करायची वेळ आली तर गोळ्यांची पिशवी सोबत न्या आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या हातात द्या. ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात तेव्हा फिटची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, हे भूलतज्ज्ञांना आपणहून विचारा. बहुतेक वेळा 'घ्या' असंच उत्तर येतं.

मँचेस्टरकर

मुलगी आहे म्हणून हे लिहिणं भाग आहे. ओटीवरूनताईंची लेक व्हॅल्प्रोएटवर नाही हे वाचून बरं वाटलं. जेएमईवर ते औषध फार प्रभावी, पण गरोदरपणात चालू राहिलं तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग, आणि दहातल्या तीन-चार मुलांत पुढे बोलणं, शिकणं, बुद्धीची वाढ यात अडचणी दिसतात. इथे इंग्लंडमध्ये २०१८ पासून मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या बायकांना गर्भनिरोधनाची पक्की व्यवस्था असल्याशिवाय ते देत नाहीत. जानेवारी २०२४ पासून तर ५५ च्या आतल्या कुणालाही, पुरुषालाही, नव्याने सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांची स्वतंत्र संमती लागते. भारतात अजूनही कितीतरी मुली त्यावर असतात आणि लग्न ठरल्यावर कुणीतरी सांगतं.

पण हे वाचून कुणी व्हॅल्प्रोएट उद्यापासून बंद करू नका! दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून सगळ्या गोळ्या फेकून देणं हे सगळ्यात वाईट. आईला मोठी फिट येणं दोघांनाही धोक्याचं. बदल करायचा तो दिवस जाण्याच्या बराच आधी, डॉक्टरांबरोबर बसून. फॉलिक ऍसिडही आधीपासून सुरू करतात.

गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते: कार्बामाझेपिन, फेनिटोइन, फिनोबार्बिटोन यांच्यामुळे त्या गोळ्या निकामी होऊ शकतात, 'दुसऱ्या दिवशीची' गोळीसुद्धा. लॅमोट्रिजिनचं उलट, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी त्याचीच पातळी जवळजवळ निम्मी होते. लेवेटिरासिटॅमचं कुणाशी भांडण नाही.

तळ्यात_मळ्यात

मँचेस्टरकर यांनी लग्नाचा विषय काढला म्हणून. माझ्या बहिणीचं सांगते. बघण्याच्या कार्यक्रमात आईने सांगू दिलं नाही. लग्नाच्या गडबडीत, हळद, मेंदी, जागरण, देवदर्शन, आणि गोळ्या बॅगेच्या तळाशी, कारण नव्या घरात सगळ्यांसमोर घ्यायच्या कशा? पाचव्या दिवशी जेजुरीच्या पायऱ्यांवर फिट. सासरचे म्हणाले, फसवलं. आईला अजून वाटतं की नशीब. नशीब कसलं, सलग चार दिवस औषध नव्हतं.

जिजाजी समजूतदार निघाले, गोळ्या आता देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात सगळ्यांसमोर असतात. सासूच विचारते, घेतलीस का.

वकीलीण

तळ्यात_मळ्यात, माहिती म्हणून: हिंदू विवाह कायद्यात एपिलेप्सी हा लग्नाला अडथळा धरला जायचा. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. नुसती फिट येते म्हणून लग्न रद्द होत नाही. लपवाछपवी हा वेगळा मुद्दा, त्यावर कोर्टात वाद होऊ शकतो. म्हणून आधी सांगावं हेच शहाणपणाचं, आणि औषधाच्या दृष्टीने तर दुसरा पर्यायच नाही.

अवांतर: गाडीच्या लायसन्सच्या फॉर्ममध्ये एपिलेप्सी आहे का असा थेट प्रश्न आहे. मुलीला कॉलेजात स्कूटर हवी असणार. खोटं लिहू नका.

ओटीवरून

स्कूटरवरून घरात आधीच एक महाभारत होऊन गेलंय :)

शेवटचा प्रश्न. गोळ्या नीट घेऊनही फिट आलीच तर? रूममेटला नेमकं काय सांगून ठेवू? मुली घाबरतील, कांदा-चप्पल घेऊन धावतील.

मिरज_फिजिशियन

घड्याळ बघायचं, हे पहिलं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली ओढणी-उशी काहीही मऊ, चष्मा काढायचा, गळ्याजवळचं सैल करायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काही नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा आणि चप्पल जिथल्या तिथे. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत थांबते, मग थोडा वेळ ती गोंधळलेली, झोपाळलेली असेल. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, किंवा पाण्यात असताना आली, डोक्याला मार लागला, तर १०८.

न्यूरॉलॉजिस्टना नाकात मारायच्या मिडाझोलम स्प्रेबद्दल विचारा. पाच मिनिटांच्या वर चाललेल्या फिटसाठी तो घरी, हॉस्टेलवर ठेवता येतो. किती फवारे हे वजनावर ठरतं, ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या आणि बाटलीला चिकटपट्टीने लावून ठेवा. त्या वेळी कुणी चिठ्ठी शोधत बसत नाही. एक्सपायरी सहा महिन्यांनी तपासा.

जुना_खेळाडू

डॉक्टरांना +१. हॉस्टेलचं माझ्याकडून उरलेलं: खालचा बेड मागून घ्या, वरचा नको. बाथरूमला आतून कडी न लावता दारावर पाटी अडकवायची सवय. रेक्टरना एकदा भेटून सांगा, लेखी द्या. मोबाइलच्या इमर्जन्सी माहितीत औषधाचं नाव आणि डोस टाका, मोबाइल लॉक असतानाही ती माहिती दिसते.

पहिल्या सत्रात परीक्षेच्या आदल्या रात्री ती नक्की जागणार. आधीच न्यूरॉलॉजिस्टना विचारून ठेवा, परीक्षेच्या आठवड्यात वेगळं काही करायचं का. आम्हाला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जागून दोन धडे जास्त होतात, फिट आली तर पेपरच जातो. ते पटलं.

दोन_पिल्लं

प्रवासाचं राहिलं. गोळ्या कधीही मोठ्या बॅगेत नाही. एसटीच्या डिकीत बॅग, डिकी उघडेना, असं आमचं झालंय. थोड्या पर्समध्ये, थोड्या बॅगेत, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये.

पेठेतला_फार्मासिस्ट

आणि गावी येताना परतीच्या तारखेपुरत्याच मोजून आणू नका. पावसाळ्यात आंबा घाट किंवा वरंध बंद पडला की चार दिवस सहज जातात. पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम जास्तीच्या, आणि जुन्या आधी वापरून नव्या मागे सारायच्या, म्हणजे साठा शिळा होत नाही. पुण्यात हॉस्टेलजवळचा एकच दुकानदार ठरवा, पहिल्यांदा तुम्ही स्वतः सोबत जा, चिठ्ठी दाखवा. महिनाभराने तो स्वतःच फोन करेल, ताई, गोळ्या संपत आल्या असतील.

शंकेखोर

चुलतभावाला सांगलीला नेलं. पुडी दाखवली. डॉक्टरांनी पुडी लगेच बंद करू नका म्हटलंय, नवी गोळी सुरू करून पुडी उतरवत नेणार. रक्त तपासायला दिलंय, त्यात फिनोबार्बिटोनची पातळी पण. रिपोर्ट आला की लिहितो.

ओटीवरून

नक्की लिहा. आम्ही शनिवारी न्यूरॉलॉजिस्टकडे जातोय, स्प्रे आणि राहिलेल्या डोसची ओळ दोन्ही लिहून घेणार आहे. कप्प्यांचा डबा लेकीने स्वतःच ऑर्डर केला, जांभळा. पहिला रविवार तिनेच भरला, मी फक्त शेजारी बसले होते.